विश्लेषण : मशीन घरात, तरी ब्लाउज शिंप्याकडे का? कपडे बेतायला शिकणे म्हणजे नेमके काय?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील अनेक घरांत शिलाई मशीन आहे. कुणाच्या लग्नात आलेले, कुणाला योजनेतून मिळालेले, कुणी बचत गटाचे कर्ज काढून घेतलेले. त्यावर साडीला फॉल लागतो, पिशव्या शिवल्या जातात, उसवलेली शिवण पुन्हा घातली जाते. पण नवा ब्लाउज किंवा कुर्ता म्हटले, की कापड मंचर, नारायणगाव, ओतूर किंवा घोडेगावच्या शिंप्याकडे जाते. लग्नसराईत तेथे नंबर लागतो आणि दोन-तीन हेलपाटे होतात. मशीन चालवता येते, मग हे का? बहुतेक जणींचे उत्तर एकच असते : ‘शिवता येतं, बेतता येत नाही.’ हे बेतणे म्हणजे काय, ते घरी शिकता येते का आणि योजनांमध्ये त्याला किती जागा आहे, याचा हा आढावा.

बेतणे आणि शिवणे यांत फरक काय?

कापड सपाट असते आणि शरीर गोलाईचे. सपाट कापडाचे कोणते तुकडे, कोणत्या आकारात कापले म्हणजे ते जोडल्यावर अंगावर नीट बसतील, हे आधी ठरवावे लागते. हे ठरवणे म्हणजे बेतणे. क्लासच्या भाषेत त्याला ड्राफ्टिंग म्हणतात. माप घेणे, त्यावरून कागदावर आकृती काढणे, ती कापून कापडावर मांडणे आणि मग कात्री चालवणे असा हा क्रम आहे. शिवणे त्यानंतर येते.

मशीनवर सरळ शिवण घालायला आठ-पंधरा दिवसांच्या सरावात जमते. हात बसला की बाही जोडणे, गळ्याला उरेब पट्टी लावणे, हुक-काजे करणे हेही येते. बेतण्याला मात्र थोडे गणित, थोडी भूमिती आणि शरीराकडे नीट पाहण्याची सवय लागते. शिवण चुकली तर उसवता येते. कापड चुकीचे कापले गेले तर ते पुन्हा जोडून पूर्ववत होत नाही. साडीतला ८० सेंटिमीटरचा ब्लाउज पीस तर दुसरा मिळतही नाही. कात्रीची ही भीती खरी आहे आणि कागदावर आधी काढून पाहणे हाच तिच्यावरचा उपाय आहे. वर्तमानपत्राच्या जुन्या पानावर दहा वेळा चुकले तरी खर्च होत नाही.

मापाच्या ब्लाउजवरून बेतले तर काय बिघडते?

गावात सर्वाधिक चालणारी पद्धत ही आहे. बरा बसणारा एक जुना ब्लाउज कापडावर पसरायचा, कडेने खडू फिरवायचा, शिवणीसाठी इंचभर सोडायचे आणि कापायचे. घाईच्या वेळी अनुभवी शिंपीही मापाचा ब्लाउज मागतो. पण नवशिक्या व्यक्तीसाठी त्यात तीन अडचणी आहेत.

पहिली, टक्स घातलेला ब्लाउज सपाट पसरत नाही. पुढच्या भागाला फुगवटा असतो. तो दाबून सपाट केला, की टक्समध्ये गेलेले कापड मोजलेच जात नाही आणि नवा ब्लाउज छातीवर आखूड पडतो. दुसरी, जुने कापड धुऊन आटलेले आणि वापरून ताणलेले असते. गळा आणि मुंढा यांच्या गोलाईत धागा तिरका पडतो, त्यामुळे तेथे कापड हमखास ताणते. तो ताणलेला आकार नव्या कापडावर जसाच्या तसा उतरतो. तिसरी अडचण मोठी आहे. जुन्या ब्लाउजमध्ये जो दोष आहे, खांदा उतरत असेल किंवा काखेत काचत असेल, तो दोषही पुढे चालू राहतो. दोष कोठे आहे हे कळत नाही, कारण अंगाचे माप घेतलेलेच नसते. घेतलेले असते ते कपड्याचे माप.

कागदावर ब्लाउज कसा उतरतो?

मोजपट्टी घेऊन अंगावरून आठ-नऊ मापे घ्यावी लागतात : उंची, छाती, कंबर, एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा खांदा, मुंढा, बाहीची लांबी, दंडाचा घेर, पुढचा व मागचा गळा आणि खांद्यापासून टक्सच्या टोकापर्यंतची उंची. माप घेताना दुसऱ्या व्यक्तीची मदत घ्यावी. स्वतःचे माप स्वतः घेताना हात वर होतो, पाठ वाकते आणि आकडा बदलतो. मोजपट्टीखाली दोन बोटे राहतील इतकी ती सैल धरावी.

उदाहरण म्हणून छाती ३६ इंच, कंबर ३० इंच आणि खांदा १४ इंच धरू. शरीराच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या मानल्या, तर कागदावर फक्त एका बाजूचा पुढचा आणि मागचा भाग काढायचा, म्हणजे घेराचा पाव हिस्सा. ३६ भागिले ४ म्हणजे ९ इंच. श्वास घेता यावा, हात हलवता यावा म्हणून पाव भागाला सुमारे अर्धा इंच सैलपणा धरला, की झाले साडेनऊ. शिवणीसाठी आणि पुढे उसवून वाढवता यावे म्हणून बाजूला आणखी एक इंच. खांद्याचा निम्मा भाग ७ इंच. गळ्याची रुंदी छातीचा बारावा भाग, म्हणजे ३ इंच. मुंढ्याची खोली छातीचा सहावा भाग अधिक एक इंच, म्हणजे ७ इंच. खांद्याच्या टोकाला अर्धा ते पाऊण इंच उतार. पुढच्या भागाचा मुंढा मागच्यापेक्षा थोडा अधिक आत कापायचा, कारण हात पुढे अधिक वेळा येतात.

एवढ्या बिंदूंना रेषांनी जोडले की आकृती तयार होते. मुंढा आणि गळा यांची गोलाई सुरुवातीला हाताने जमत नाही. त्यासाठी वक्र पट्टी मिळते, नाही तर जाड पुठ्ठ्यावर एकदा नीट आकार काढून तो जपून ठेवता येतो. कागदावर नाव, तारीख, माप आणि ‘उभा धागा’ दाखवणारा बाण लिहून ठेवायचा. हा बाण कापडाच्या काठाला समांतर ठेवला नाही, तर कपडा धुतल्यावर पिळल्यासारखा फिरतो.

टक्स नेमके काय करतात?

वरच्याच उदाहरणात छातीचा पाव भाग साडेनऊ इंच आहे. कंबरेचा पाव भाग साडेसात आणि अर्धा इंच सैलपणा मिळून आठ. फरक दीड इंचाचा. हे दीड इंच कापड छातीवर हवे आहे आणि कंबरेवर नको आहे. ते सगळे बाजूच्या शिवणीत घेतले, तर बाजूला चुण्या पडतात आणि मध्ये कापड लोंबते. म्हणून साधारण एक इंच टक्समध्ये आणि अर्धा इंच बाजूला असे वाटून घेतात. टक्स म्हणजे नको तेथले कापड चिमटीत धरून शिवणे. त्याचे टोक फुगवट्याच्या दिशेने जाते, पण अगदी टोकापर्यंत न नेता थोडे अलीकडे थांबवतात, नाही तर तेथे कापडाला टोक येते.

हे कळले की इतर कपडेही उलगडतात. कटोरी ब्लाउजमध्ये टक्सऐवजी तुकडे जोडून तीच गोलाई आणलेली असते. प्रिन्सेस कटमध्ये टक्स शिवणीच्या रेषेत लपवलेला असतो. कळीच्या परकरात वरचे कापड कमी आणि खालचे जास्त हवे, म्हणून वर अरुंद आणि खाली रुंद अशा पट्ट्या जोडतात. नावे वेगळी, गणित एकच.

मग हीच सूत्रे सगळ्यांना का लागू पडत नाहीत?

घरी शिकणाऱ्यांचा उत्साह येथे मावळतो. पुस्तकातले किंवा व्हिडीओतले सूत्र पाळूनही ब्लाउज बसत नाही आणि आपल्यालाच जमत नाही असे वाटू लागते. दोष बहुधा सूत्राचा असतो.

छातीवरून गळा, मुंढा काढण्याच्या पद्धतीला प्रमाणावर आधारलेली पद्धत म्हणता येईल. शरीराचे सगळे भाग एकाच प्रमाणात वाढतात, असे ती गृहीत धरते. छाती ३६ इंच असताना ती बरी चालते. आता छाती ४४ इंच धरा. गळ्याची रुंदी ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ इंच होते. मुंढ्याची खोली सव्वाआठ इंचांच्या पुढे जाते. पण वजन वाढले म्हणून खांद्याचे हाड वाढत नाही. खांदा १४ किंवा साडेचौदाच राहतो. परिणाम असा, की गळा खांद्यावरून घसरतो आणि मुंढा खोल गेल्याने हात वर केला की अख्खा ब्लाउज वर चढतो. मुंढा मोठा केला की हात मोकळा हलेल, असे वाटते, होते उलटे. मुंढा काखेच्या जवळ असेल तरच हात वर जाताना बाकीचा कपडा जागेवर राहतो.

शिवाय ३६ हा आकडा दोन वेगळ्या बांध्यांचा असू शकतो. एकीची पाठ रुंद आणि छाती बेताची, दुसरीची पाठ अरुंद आणि छाती भरलेली. घेर सारखाच, पण पहिलीला मागचा भाग मोठा हवा आणि दुसरीला पुढचा. म्हणून चांगल्या क्लासमध्ये सूत्रानंतर खांदा, पाठ, पुढची छाती यांची थेट मापे घेऊन आकृती दुरुस्त करायला शिकवतात. स्वतःसाठी शिवणाऱ्याला येथे मोठा फायदा आहे. शिंप्याला शंभर बांधे सांभाळावे लागतात, घरी शिकणाऱ्याला एकच. आपल्या बांध्याची एक आकृती दोन-तीन चुकांनंतर बरोबर बसली, की तिच्यावरून पुढे वर्षानुवर्षे ब्लाउज, कुर्ता, झगा काढता येतो.

तयार कपड्यांच्या मापांचे काय?

तयार कपड्यांवरचे स्मॉल, मीडियम, लार्ज, एक्सएल हे आकडे कुणाच्या शरीरावरून ठरले, हा प्रश्न देशपातळीवरही उभा आहे. भारतीय बाजारातील मापे दीर्घकाळ अमेरिकी व ब्रिटिश तक्त्यांवरून बेतलेली होती. म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने (निफ्ट) वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या मदतीने ‘इंडियासाइझ’ हे सर्वेक्षण हाती घेतले. १५ ते ६५ वयोगटातील २५ हजार स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची आणि त्यावरून भारतीय तक्ता करायचा, अशी त्याची आखणी. त्यासाठी कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली, हैदराबाद, बंगळूरु आणि शिलाँग ही सहा शहरे निवडली गेली.

असा तक्ता उपयोगाचा आहेच. पण तक्ता म्हणजे सरासरी. डोंगरउतारावर भातलावणी करणाऱ्या किंवा टोमॅटोचे क्रेट उचलणाऱ्या बाईचे खांदे आणि दंड सरासरीत बसतीलच असे नाही. तयार कुर्ता छातीला बसला तर दंडात काचतो आणि दंडाला बसला तर खांद्यावरून उतरतो, ही तक्रार त्यातूनच येते.

गणवेशाच्या प्रयोगाने काय दाखवले?

माप आणि शिलाई यांची ताटातूट झाली की काय होते, याचे ताजे उदाहरण राज्याने पाहिले आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात ‘एक राज्य, एक गणवेश’ धोरणानुसार सरकारी शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांसाठी कापडाची खरेदी राज्य पातळीवरून झाली. शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळाच्या माध्यमातून बचत गटांकडे देण्यात आले. एका गणवेशाच्या शिलाईसाठी व अनुषंगिक खर्चासाठी ११० रुपये असा दर होता. गणवेश उशिरा पोहोचले आणि कुठे आखूड, कुठे ढगळ अशा मापांच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय बदलला आणि पुढील वर्षापासून गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले.

बचत गटांतील महिलांना शिवता येत नव्हते, असा याचा अर्थ काढणे अन्यायाचे ठरेल. दर कमी, वेळ कमी आणि ज्या मुलाच्या अंगावर कपडा जायचा ते मूल समोर नाही, अशा स्थितीत मुरलेला कारागीरही अडचणीत येतो. एकाच इयत्तेतल्या मुलांच्या उंचीत आणि बांध्यात मोठा फरक असतो. समितीने गावातच शिवून घेतले तर मुलांची मापे शाळेत जाऊन घेता येतात. पण त्यासाठी गावात कुणाला तरी मापावरून बेतता आले पाहिजे. अधिकार गावाकडे आले, तरी कौशल्य गावात नसेल तर समिती पुन्हा बाजारातले तयार गणवेशच घेते.

हे शिक्षण महाराष्ट्रात कसे आले?

पूर्वी आपला बहुतांश पेहराव न शिवलेला होता : लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे. शिवायची ती चोळी, बंडी, बाराबंदी, मुलांची कुंची आणि झबले. ते काम शिंपी घराण्यांकडे होते. गावगाड्यातील अलुतेदारांच्या याद्यांत शिंप्याचे नाव येते, आणि संत नामदेवांचे घराणे शिंप्याचे होते हे सर्वांना ठाऊक आहे. बेतण्याचे ज्ञान घरातल्या घरात, बापाकडून मुलाकडे जात असे. बाहेरच्याला, त्यातही बायकांना, ते मिळण्याची सोय नव्हती. घरातल्या बायका गोधड्या आणि दुपटी शिवत. त्याला हातकसब लागते, पण मापाची आकृती लागत नाही.

विसाव्या शतकात स्त्रियांच्या संस्थांनी ही चौकट मोडली. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले. शिवण आणि भरतकामाचे वर्ग हा अशा संस्थांच्या कामाचा महत्त्वाचा भाग राहिला, कारण विधवा व परित्यक्तांना त्यातून घरबसल्या चार पैसे मिळत. १९६७ मध्ये मुंबईत वरळीला पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. आजची जन शिक्षण संस्थाने हे त्याचेच पुढचे रूप. के. आर. झारापकर यांच्या ‘झारापकर सिस्टम ऑफ कटिंग’ या पुस्तकाने आकृती, मापे आणि सूत्रे यांची एक शिस्त घरोघरी नेली. क्लासला जाऊ न शकणाऱ्यांनाही त्यावरून बेतायला शिकता आले.

कापडाच्या राजकारणाशी आंबेगावचे नाते तर इतिहासात नोंदलेले आहे. परदेशी कापडाचा ट्रक अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण देणारे हुतात्मा बाबू गेनू हे याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचे नाव आहे. त्या काळात यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही शिलाई यंत्राला अपवाद मानले होते. माणसाचे श्रम कमी करणारे आणि तरी माणसाच्या हाती राहणारे यंत्र, अशी त्यांची त्याकडे पाहण्याची दृष्टी होती.

जुन्नर-आंबेगावात गरज वेगळी कशी?

या दोन तालुक्यांत दोन वेगळी जगे आहेत. पूर्वेला नारायणगाव, आळेफाटा, मंचर हा बागायती, बाजारपेठांचा पट्टा. तेथे क्लास आहेत, कापडाची दुकाने आहेत, शिलाईच्या कामाला गिऱ्हाईक आहे. पश्चिमेला भीमाशंकर, माणिकडोह, डिंभे परिसरातील आदिवासी गावे. तेथून तालुक्याच्या गावी क्लासला यायचे तर येण्या-जाण्यातच दिवस जातो. त्यात बिबट्याच्या वावरामुळे अंधार पडण्याआधी घरी पोहोचण्याची घाई दोन्ही पट्ट्यांत आहे. संध्याकाळचा क्लास कागदावर सोयीचा वाटला, तरी अनेकींना तो परवडत नाही. त्यामुळे घरी शिकता येणे ही येथे हौसेपेक्षा सोयीची आणि सुरक्षिततेची बाब आहे.

दुसरी गरज शेतातल्या कपड्यांची. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून औषध मारलेल्या टोमॅटोत किंवा द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायका येथे रोज दिसतात. तो शर्ट पुरुषाच्या मापाचा असतो. खांदा खाली उतरतो, बाही हातावर येते, मुंढा खोल असल्याने हात वर केला की शर्ट ओढला जातो. बायकांच्या मापाचा, मनगटाला बटण असलेला, उंच मुंढ्याचा, मोबाइल आणि सुट्टे पैसे मावतील असा खोल खिसा असलेला सुती शर्ट बाजारात सहज मिळत नाही. बेतता येत असेल तर दोन-अडीच मीटर कापडात तो घरी होतो. शिकण्याचा पहिला मोठा कपडा म्हणून तो ब्लाउजपेक्षा सोपाही आहे, कारण तो अंगाला चिकटून बसायचा नसतो आणि अर्ध्या इंचाची चूक त्यात खपून जाते.

सुरुवात कशाने करावी?

थेट अस्तराच्या ब्लाउजला हात घालणे ही नवशिक्यांची नेहमीची घाई. त्याऐवजी चढता क्रम ठेवला तर कापड आणि धीर दोन्ही वाचतात.

पहिल्या आठवड्यात मशीनला दोरा न ओवता रेघा मारलेल्या कागदावर सुई चालवावी. सरळ रेघ, कोपरा, गोल अशा तिन्ही रेघांवर सुई नीट गेली की हात बसला असे समजावे. मग उशीचा अभ्रा आणि पिशवी. त्यानंतर झबले : त्यात गळा, मुंढा, बाजूची शिवण हे सगळे येते, पण कापड वीतभर लागते. पुढे सहा कळ्यांचा परकर. त्याचे गणित असे : नितंबाचा घेर ४० इंच, दोन इंच सैल धरून ४२, भागिले सहा म्हणजे सात, शिवणीचा एक इंच धरून कळीची वरची रुंदी आठ. खालचा घेर ८४ हवा असेल तर १४ अधिक एक, म्हणजे पंधरा. कापडावर एक कळी सुलटी आणि पुढची उलटी मांडली, की मधले कापड वाया जात नाही. नक्षी एकाच दिशेची असेल तर मात्र हे चालत नाही. त्यानंतर शर्ट किंवा सैल कुर्ता, आणि शेवटी ब्लाउज.

ब्लाउज बेतण्याआधी जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर किंवा मांजरपाटावर तीच आकृती कापून कच्च्या टाक्यांनी जोडून अंगावर घालून पाहावी. कुठे चुणी पडते, कुठे ताण येतो, ते टाचणीने खुणावून कागदावर दुरुस्त करावे. आडवी ताणलेली चुणी म्हणजे तेथे कापड कमी आहे. सैल लोंबणारी घडी म्हणजे कापड जास्त आहे. एवढे वाचता आले तरी अर्धे काम झाले. सुती कापड आणि अस्तर कापण्याआधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. नाही तर पहिल्या धुण्यात अस्तर आटते आणि वरचे कापड फुगते.

साहित्य फार लागत नाही. मोजपट्टी, मोठी पट्टी, खाकी कागद, शिंप्याचा खडू, टाचण्या आणि फक्त कापडासाठी राखलेली आठ-दहा इंची कात्री. तीच कात्री कागदाला वापरली की धार जाते. साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई, तलम कापडाला ११ आणि जाड कापडाला १६. मशीन दोरा तोडते, अशी तक्रार असेल तर दुरुस्तीला नेण्याआधी सुई बदलून पाहावी.

कोठे शिकता येते आणि योजना काय देतात?

शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये (आयटीआय) शिवणकामाशी संबंधित एक वर्षाचे अभ्यासक्रम असतात. त्यात बेतण्याचा भाग सविस्तर शिकवला जातो. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये सुमारे महिनाभराचे मोफत निवासी प्रशिक्षण मिळते. आदिवासी भागासाठी घोडेगावचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि बचत गटांसाठी पंचायत समितीतील ‘उमेद’ कक्ष ही चौकशीची ठिकाणे आहेत. घरी शिकणाऱ्यांसाठी मराठीत व्हिडीओ भरपूर आहेत. त्यांतील निवडताना एक कसोटी लावावी : शिकवणारी व्यक्ती ‘हे माप असेच का’ हे सांगते का? नुसते आकडे सांगणारा व्हिडीओ तिच्याच मापाच्या बाईला उपयोगी पडतो.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. त्यात पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, प्रशिक्षण काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार रुपयांचे ई-व्हाउचर आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंतचे विनातारण कर्ज अशी तरतूद आहे. कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. मात्र ही योजना आधीपासून हा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. पाच-सात दिवसांत नवशिक्या व्यक्ती बेतायला शिकेल, अशी अपेक्षा तिच्याकडून ठेवता येत नाही.

‘केंद्र सरकार सर्व महिलांना मोफत शिलाई मशीन देते’ असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य तपासणी विभागाने असा दावा खोटा असल्याचे सांगितले आहे. अशा लिंकवर आधार किंवा बँक खात्याचा तपशील भरू नये.

पुढे काय?

जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागाच्या योजनांत शिलाई मशीन ही नेहमीची वस्तू आहे. मशीन देणे सोपे असते, मोजता येते, त्याचा फोटो काढता येतो. पण मशीन मिळाल्यानंतर किती जणी स्वतःच्या मापाचा कपडा बेतू लागल्या, हे विचारले जात नाही. मशीनबरोबर दोन-तीन महिन्यांचे बेतण्याचे प्रशिक्षण गावातच, दुपारच्या वेळेत दिले गेले, तर फॉल लावण्यापुरते चालणारे तेच यंत्र घरचा शिलाईखर्च वाचवील आणि शेजारणीच्या ब्लाउजचे, शाळेच्या गणवेशाचे कामही मिळवून देईल.

तोवर घरापुरता हिशेब प्रत्येकीला करता येईल. घरात वर्षाला किती ब्लाउज, परकर, कुर्ते शिवून येतात ते मोजावे, त्याला आपल्या गावच्या शिलाईच्या दराने गुणावे आणि त्यात हेलपाट्यांचे गाडीभाडे मिळवावे. एखाद्या क्लासच्या फीशी किंवा कपाटामागे पडून राहिलेल्या मशीनच्या दुरुस्तीखर्चाशी तो आकडा ताडून पाहिला, की शिकायचे की नाही याचा निर्णय घ्यायला सोपे जाईल.